पोस्ट, पोलीस ठाणे आणि दारातली गर्दी

२००६ च्या सुमाराला ‘नेटवर जाऊन येतो’ म्हणणारा मुलगा खरोखरच चपला घालून घराबाहेर पडायचा. कोपऱ्यावर सायबर कॅफे असे. आत प्लायवूडच्या खोपटांच्या दोन रांगा, घरघरणारे डबे, कळांवरची अक्षरे पुसून गेलेला कीबोर्ड. काउंटरवरच्या वहीत नाव आणि वेळ लिहायची, तासाचे पैसे मोजायचे आणि वेळ संपत आली की मालकाची हाक यायची. त्या तासाभरातला बराचसा वेळ ऑर्कुटवर जाई. गूगलमधल्या ऑर्कुट ब्युकोक्तेन या तुर्की अभियंत्याने जानेवारी २००४ मध्ये सुरू केलेले हे संकेतस्थळ अमेरिकेत फारसे रुजले नाही, पण ब्राझील आणि भारताने ते डोक्यावर घेतले. मित्राच्या वहीत ‘स्क्रॅप’ टाकायचा, जिवलगाने ‘टेस्टिमोनियल’ लिहावे म्हणून मागे लागायचे, आणि ‘कम्युनिटी’ काढायची. शाळेच्या बाकांची, वडापावची, गल्लीतल्या गणपतीची, आणि कुणाच्या तरी द्वेषाचीही.

कम्युनिटी काढायला नाव आणि एक चित्र पुरे. त्यामुळे ‘वुई हेट इंडिया’ नावाचीही एक निघाली, आणि तिच्याविरुद्धच्या याचिकेवर १० ऑक्टोबर २००६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गूगलला नोटीस काढण्याचा आदेश दिला. ऑर्कुटवरचा मजकूर न्यायालयाच्या पायरीवर पोचला, त्याच्या या अगदी सुरुवातीच्या खेपा. पाठोपाठ छत्रपती शिवाजी महाराजांविषयीचा बदनामीकारक मजकूर उघडकीला आला आणि २००६-०७ मध्ये पुणे-मुंबई परिसरात सायबर कॅफेंची तोडफोड झाली. मजकूर कॅलिफोर्नियातल्या सर्व्हरवर, लिहिणारा कुठे ते कुणालाच ठाऊक नाही, आणि फुटला तो कोपऱ्यावरच्या कॅफेवाल्याचा मॉनिटर. पुढच्या पंधरा वर्षांत महाराष्ट्रात समाजमाध्यमांवरून जे काही घडले त्याचे बरेचसे गणित इथेच मांडलेले दिसते. गर्दीला सर्व्हरपर्यंत जाता येत नाही. हाताशी असेल ते ती धरते, आणि पोलीसही बहुतेक वेळा तेच करतात.

याची सर्वांत कडू शिक्षा बंगळुरूच्या एका तरुण संगणक अभियंत्याने भोगली. महाराजांविषयीच्या ऑर्कुटवरच्या त्या मजकुराचा माग काढताना पुणे पोलिसांनी दूरसंचार कंपनीकडे एका आयपी पत्त्याचा ग्राहक कोण ते विचारले. कंपनीने नाव कळवले. ऑगस्ट २००७ च्या अखेरीस पोलीस बंगळुरूला गेले, त्याला उचलून पुण्याला आणले आणि तो येरवड्याच्या तुरुंगात गेला. पुढे कळले की कंपनीने चुकीच्याच ग्राहकाचा पत्ता दिला होता. त्याचा त्या मजकुराशी काडीचा संबंध नव्हता. सुटेपर्यंत पन्नास दिवस झाले होते. चार ठिपक्यांनी तोडलेला एक आकडा म्हणजे माणूस नव्हे, हे तेव्हा ना ठाण्याला नीट उमगले होते ना कंपनीला.

दुसरी गोष्ट ठाणे शहरातली, त्याच्या पुढच्याच वर्षीची. केरळातल्या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याने शिवसेनेविरुद्ध ऑर्कुटवर कम्युनिटी काढली. तिच्यात आलेल्या अभिप्रायांवरून ऑगस्ट २००८ मध्ये ठाण्यात फिर्याद नोंदली गेली, धमकी आणि धार्मिक भावना दुखावल्याच्या कलमांखाली. मुलाने केरळात अटकपूर्व जामीन मिळवला आणि गुन्हाच रद्द करा म्हणून सर्वोच्च न्यायालय गाठले. सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या खंडपीठाने २३ फेब्रुवारी २००९ रोजी नकार दिला. तू संगणकाचा विद्यार्थी आहेस, इंटरनेट किती जण बघतात हे तुला ठाऊक असायला हवे, तेव्हा जा आणि ठाण्याच्या न्यायालयात काय ते सांग, असा एकूण सूर होता. या निकालातून एक व्यावहारिक धडा सर्वांनीच घेतला. लिहिणारा कुठेही बसून लिहो, फिर्यादी आपल्या गावच्या ठाण्यात जाऊ शकतो आणि लिहिणाऱ्याला शेकडो किलोमीटर खेपा घालायला लावू शकतो. निकाल काहीही लागो, खेपा हीच निम्मी शिक्षा.

आता कायद्याकडे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. तो मुख्यतः ई-व्यापार आणि डिजिटल सहीसाठी केलेला. समाजमाध्यमे तेव्हा नुकती कुठे जन्माला येत होती. २००४ च्या डिसेंबरात बाझी डॉट कॉम या मुंबईच्या लिलाव-संकेतस्थळाच्या प्रमुखाला दिल्लीत अटक झाली, कारण कुणीतरी त्या संकेतस्थळावर एक अश्लील चित्रफीत विकायला मांडली होती. दुकान मांडून देणारा गाळ्यातल्या मालाला किती जबाबदार, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. कायदा दुरुस्त करण्याचे काम सुरू झाले आणि रेंगाळले. अखेर २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर महिन्याच्या आत, २२ आणि २३ डिसेंबर २००८ रोजी, संसदेच्या दोन्ही सभागृहांनी दुरुस्ती विधेयक चर्चेविना मंजूर करून टाकले. २७ ऑक्टोबर २००९ पासून ती लागू झाली. तिच्यात ६६अ हे नवे कलम होते.

या कलमाची कुळी मोठी गमतीची आहे. १९३५ साली ब्रिटनने टपाल खात्याच्या कायद्यात दुरुस्ती करून टेलिफोनवरून अत्यंत आक्षेपार्ह, अश्लील किंवा धमकावणारा निरोप पाठवणे हा गुन्हा ठरवला. फोन जोडून देणाऱ्या मुलींना ऐकून घ्यावी लागणारी शिवीगाळ हे त्यामागचे एक कारण सांगितले जाते. फोनवर एक जण बोलणार आणि एक जण ऐकणार. ऐकणाऱ्याने ते मागितलेले नसते. तीच शब्दरचना पुढच्या ब्रिटिश कायद्यांतून उतरत उतरत २००३ च्या दूरसंचार कायद्यापर्यंत आली, आणि तिथून थोडी उचलून, थोडी फुगवून आपल्याकडे. आपल्या कलमात त्रास, गैरसोय, अपमान आणि दुर्भावना हेही शब्द घातले गेले. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. आणि गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलिसांनी दंडाधिकाऱ्याला न विचारता अटक करावी असा. गैरसोय झाली म्हणून तुरुंग, असे ऐकले तर मुंबईच्या लोकलमधला कुणीही माणूस हसेल. पण कायद्याच्या पुस्तकात ते छापलेले होते. सरकारपक्षाने पुढे न्यायालयात सांगितले की रोख पाठलाग, फसवे ईमेल, स्पॅम यांच्यावर होता. पकडले गेले ते मात्र भलतेच.

२०१२ हे या कलमाचे वर्ष. एप्रिलमध्ये कोलकात्यात रसायनशास्त्राचे प्राध्यापक अंबिकेश महापात्र यांना ममता बॅनर्जींवरचे व्यंग्यचित्र पुढे पाठवल्याबद्दल अटक झाली. मे महिन्यात मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने विमान कंपनीतल्या दोघा कर्मचाऱ्यांना फेसबुकवरच्या मजकुरासाठी पकडले. ते बारा दिवस कोठडीत राहिले. ऑक्टोबरात पुदुच्चेरीच्या एका व्यावसायिकाला तेव्हाच्या अर्थमंत्र्यांचे पुत्र कार्ती चिदंबरम यांच्यावरच्या ट्वीटबद्दल. मधल्या सप्टेंबरात मुंबईत असीम त्रिवेदी प्रकरण झाले. कानपूरच्या या तरुण व्यंग्यचित्रकाराने अण्णा हजारे यांच्या मुंबईतल्या उपोषणाच्या वेळी भ्रष्टाचारावरची चित्रे मांडली होती आणि संकेतस्थळावरही टाकली होती. ६६अ बरोबर थेट राजद्रोहाचे १२४अ लावले गेले. चित्रे फार चांगली होती असे नाही. पण त्यांनी राज्य उलथले असते असे मानायला पोलिसांजवळही कारण नव्हते. उच्च न्यायालयाने ११ सप्टेंबरला जामीन दिला, दुसऱ्या दिवशी तो आर्थर रोडमधून बाहेर आला.

पण कलमाचे नाव घरोघरी पोचवले पालघरने.

१७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे गेले. १८ तारखेला, रविवारी, शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार झाले. अफाट गर्दी होती आणि मुंबईसह आसपासची गावे बंद होती. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातले तालुक्याचे गाव (स्वतंत्र जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला). तिथल्या एकवीस वर्षांच्या एका मुलीने फेसबुकवर इंग्रजीत चार ओळी लिहिल्या. माणसे रोज मरतात, जग चालू राहते, आणि हा बंद आदराने नव्हे तर भीतीने पाळला जातोय, असा त्यांचा आशय. तिच्या मैत्रिणीने ती पोस्ट ‘लाइक’ केली. शिव्या नाहीत, धमकी नाही, अफवा नाही. दुःखात असलेल्या गावात हे लिहायची घाई नको होती असे कुणाला वाटले तर ते समजण्यासारखे आहे. पण औचित्यभंगाला दंडसंहितेत कलम नाही.

संध्याकाळपर्यंत पोस्ट गावात फिरली. स्थानिक शिवसैनिकाने फिर्याद दिली, ठाण्याबाहेर माणसे जमली, दोघींना बोलावून घेतले गेले. मुलीने माफी मागितली, पोस्ट काढून टाकली. तिच्या काकांचे गावात हाडांचे रुग्णालय होते. जमाव तिकडे वळला आणि त्याने आतली यंत्रे, काचा, खाटा फोडल्या. काकांनी काहीही लिहिलेले नव्हते. १९ तारखेला दोघींना अटक दाखवून न्यायालयात उभे केले गेले, आणि प्रत्येकी पंधरा हजारांच्या हमीवर जामीन मिळाला. पोलिसांनी आधी लावले होते २९५अ, म्हणजे धार्मिक भावना दुखावणे. एका राजकीय नेत्यासाठी पाळलेल्या बंदवरच्या मतात धर्म कुठून आला हे कुणालाच सांगता येईना, तेव्हा कलम बदलून ५०५(२), म्हणजे गटागटांत वैर वाढवणारी विधाने, असे झाले. ६६अ मात्र जागेवरच राहिले. शोधाशोध न करता लागू पडेल असे ते एकच होते.

प्रेस कौन्सिलचे तत्कालीन अध्यक्ष मार्कंडेय काटजू यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांना पत्र लिहून या अटकेला हरकत घेतली. विशेष पोलीस महानिरीक्षकांची चौकशी बसली. नोव्हेंबर संपायच्या आत ठाणे ग्रामीणचे पोलीस अधीक्षक आणि पालघरचे वरिष्ठ निरीक्षक निलंबित झाले, जामीन देणाऱ्या दंडाधिकाऱ्यांची बदली झाली, आणि यथावकाश प्रकरण बंद झाले. यातले अधिकाऱ्यांचे म्हणणेही कुणीतरी ऐकायला हवे होते. दारात शे-दोनशे माणसे, रात्रीची वेळ, हाताशी तुटपुंजे बळ. मुलींना आत घेतले की गर्दी निवेल असा हिशेब गावोगावचे ठाणेदार आजही करतात. तो हिशेब कायद्याने करून दिलेला नसतो, पण ६६अ सारखे कलम त्याला कागदाचा आधार देते.

दिल्लीत श्रेया सिंघल या एकवीस वर्षांच्या मुलीने ही बातमी वाचली आणि महिना संपण्याआधी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. तिच्या बाजूने ज्येष्ठ वकील सोली सोराबजी उभे राहिले. जानेवारी २०१३ मध्ये केंद्राने राज्यांना कळवले की वरिष्ठ अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून या कलमाखाली अटक करू नका. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. रोहिंटन नरिमन यांनी कलम संपूर्ण रद्द केले. नरिमन यांनी लिहिलेल्या निकालातला एक युक्तिवाद फार नेटका आहे. ब्रिटनमधल्या दोन प्रकरणांत एकाच मजकुरावर खालच्या आणि वरच्या न्यायालयांनी नेमकी उलटी मते दिली होती. त्यातले एक तर ट्विटरवर विमानतळ उडवून देण्याच्या थट्टेचे. मुरलेल्या न्यायाधीशांनाही ‘अत्यंत आक्षेपार्ह’ म्हणजे काय यावर एकमत करता येत नसेल, तर ठाण्यातल्या हवालदाराने आणि लिहिणाऱ्या नागरिकाने ते कशाच्या आधारे ठरवायचे? आम्ही कलम जपून वापरू, हे सरकारचे आश्वासनही न्यायालयाने मानले नाही. सरकारे बदलतात, कलम राहते. चर्चा आणि पुरस्कार यांना हात लावता येणार नाही, चिथावणीपाशी पोचल्यावरच कायदा सुरू होतो, अशी रेघ त्यांनी ओढली. संकेतस्थळे बंद करण्याचा केंद्राचा अधिकार मात्र त्याच निकालाने कायम ठेवला, आणि मजकूर काढायचा तो न्यायालयाच्या किंवा सरकारच्या आदेशानेच, कुणाच्याही साध्या तक्रारीवर नव्हे, असे कंपन्यांच्या बाबतीत स्पष्ट केले. पहिल्या भागाच्या बातम्या झाल्या, दुसऱ्याकडे तेव्हा फार थोड्यांचे लक्ष गेले.

यापुढची हकीगत खरी वाटू नये अशी आहे. रद्द झालेले कलम ठाण्यांत चालतच राहिले. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेने सर्वोच्च न्यायालयात ठेवलेल्या माहितीनुसार निकालानंतरही देशात या कलमाखाली १,३०७ गुन्हे नोंदले गेले, आणि त्यात पहिला क्रमांक महाराष्ट्राचा: ३८१. जुलै २०२१ मध्ये हे ऐकून स्वतः नरिमन यांनी धक्का बसल्याचे बोलून दाखवले. महान्यायवादी के. के. वेणुगोपाल यांनी दिलेला खुलासा अगदी कारकुनी होता. कायद्याच्या पुस्तकात कलम जसेच्या तसे छापलेले असते, ते रद्द झाल्याची नोंद पानाच्या तळाशी बारीक टाइपात असते. गुन्हा नोंदवणारा अधिकारी कलम बघतो, तळटीप बघत नाही. ज्यांनी ठाण्यातली ती मळकी, पाने दुमडलेली पुस्तके पाहिली आहेत त्यांना हे पटेल. पण सहा वर्षांत नवी पुस्तके घ्यायला काय हरकत होती? अखेर १२ ऑक्टोबर २०२२ रोजी सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या खंडपीठाने या कलमाचे उल्लेख सर्व गुन्ह्यांतून वगळा आणि नवे गुन्हे नोंदवू नका, असा आदेश राज्यांना दिला.

एवढ्यावरून लिहिणाऱ्यांची बाजू नेहमी निरुपद्रवी आणि गर्दी तेवढी दोषी असा समज करून घेता येणार नाही. जून २०१४ मध्ये पुण्यात महापुरुषांच्या विटंबनेची चित्रे फेसबुकवर पसरली, शहर पेटले, आणि हडपसरला नमाज पढून परतणाऱ्या एका तरुण आयटी कर्मचाऱ्याला जमावाने ठार मारले. त्या चित्रांशी त्याचा संबंध नव्हता. दाढी आणि टोपी एवढीच ओळख पुरेशी ठरली. या खटल्यातले सर्व आरोपी जानेवारी २०२३ मध्ये निर्दोष सुटले.

आणि राईनपाडा. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातले हे आदिवासी गाव. २०१८ च्या उन्हाळ्यात देशभर मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत होत्या. त्यातली एक गाजलेली चित्रफीत तर कराचीतल्या संस्थेने बालसुरक्षेसाठी बनवलेल्या जाहिरातीचा शेवट कापून तयार केलेली. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत गावात आले. पिढ्यान्‌पिढ्या याच रीतीने फिरणारी माणसे. संशय आला, मारहाण सुरू झाली, त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले गेले आणि तिथेच पाचही जणांना ठेचून मारले गेले. मारणाऱ्यांच्या मोबाइलवर त्याचे चित्रण होते. त्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या आणि भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. जानेवारी २०१९ पासून ती जगभर लागू झाली. कॅलिफोर्नियातल्या कंपनीने आपल्या यंत्रात इतका मोठा बदल केला तो भारतातल्या अशा हत्यांनंतर. साक्रीसारख्या तालुक्यातले हत्याकांड त्यांतलेच एक होते.

स्त्रियांची बाजू याहून निराळी. २००९ मध्ये मुंबईतल्या एका स्त्रीला सहकाऱ्याकडून अश्लील ईमेल येत राहिले आणि तिने तक्रार केली. दंडाधिकारी न्यायालयाने त्याला शिक्षा सुनावली जुलै २०१५ मध्ये. राज्यातली सायबर-पाठलागाची ही पहिली शिक्षा म्हणून तिची बातमी झाली. पालघरला फिर्यादीपासून अटकेपर्यंत एक रात्र लागली होती, इथे सहा वर्षे. बाईबरोबर ठाण्याच्या दारात कुणी गर्दी आणलेली नव्हती.

दरम्यान ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद पडले. सायबर कॅफेंचाही काळ सरला. विशेष म्हणजे एप्रिल २०११ मध्ये केंद्राने त्यांच्यासाठी तपशीलवार नियम केले होते: प्रत्येक गिऱ्हाईकाचे ओळखपत्र, वर्षभर जपायच्या नोंदी, आडोशाची उंची साडेचार फुटांहून जास्त नको. नियम हातात पडेपर्यंत गिऱ्हाईक खिशात फोन घालून निघून गेले होते. वाद गेले ते व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांत. सण आले, निवडणुका आल्या की ‘आक्षेपार्ह पोस्टसाठी अ‍ॅडमिनवरही गुन्हा’ अशा सूचना फिरू लागल्या, आणि सोसायटीच्या, भजनी मंडळाच्या ग्रुपचे अ‍ॅडमिन धास्तावून ‘ओन्ली अ‍ॅडमिन’चे बटण दाबू लागले. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये सांगितले की ग्रुप काढणारा माणूस दुसऱ्याच्या मजकुराला आपोआप जबाबदार होत नाही. त्याने आणि लिहिणाऱ्याने मिळून ठरवले होते असे दाखवावे लागेल. निकाल स्पष्ट आहे. सूचना अजूनही फिरतात.

आणि ही रीत कुण्या एका पक्षाची राहिली नाही. मे २०२२ मध्ये शरद पवारांच्या संदर्भातला, दुसऱ्याने लिहिलेला मजकूर फेसबुकवर टाकल्याबद्दल अभिनेत्री केतकी चितळे हिला अटक झाली. निरनिराळ्या शहरांत गुन्हे नोंदले गेले आणि ती महिन्याहून अधिक काळ कोठडीत होती. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवरून बंद, दगडफेक आणि इंटरनेट बंदी झाली. चिन्हे बदलली, फिर्यादी बदलले, ठाण्यासमोरचा देखावा तोच.

एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने स्वतःच्या कारभाराविषयीचा खोटा किंवा दिशाभूल करणारा मजकूर ठरवण्यासाठी तथ्य-तपासणी कक्षाची तरतूद केली, तेव्हा विनोदवीर कुणाल कामरा मुंबई उच्च न्यायालयात गेले. ३१ जानेवारी २०२४ ला न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांची मते विभागली. २० सप्टेंबर २०२४ ला तिसरे न्यायाधीश अतुल चांदुरकर यांनी नियम घटनाबाह्य ठरवला. आक्षेप पुन्हा शब्दांच्या सैलपणाचा.

६६अ गेले तरी दंडसंहितेतली जुनी कलमे राहिली. पालघरच्या कागदांवरचे २९५अ हे १९२७ सालचे, लाहोरच्या ‘रंगीला रसूल’ प्रकरणातून निघालेले. अशा प्रकरणांत हमखास दिसणारे, गटागटांत वैर वाढवण्याचे १५३अ त्याहून जुने, १८९८ चे. टिळकांवरच्या १८९७ च्या राजद्रोह खटल्यानंतर इंग्रज सरकारने ते घातले आणि ५०५ ची शब्दरचनाही तेव्हाच बदलली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, आणि ही तिन्ही कलमे २९९, १९६ आणि ३५३ असे नवे आकडे घेऊन तिच्यात आली आहेत. मजकूर बहुतांशी तोच आहे. जुन्या शब्दांत भर पडली आहे ती इलेक्ट्रॉनिक माध्यमाच्या उल्लेखाची, आणि ती तिन्ही ठिकाणी.